पुढच्या रविवारचा भरवसा नाही? तरी या डावात बसता येतं

बोरगाव (ता. सौसर): इथल्या औद्योगिक क्षेत्रात काम करणाऱ्या माणसाला तुम्ही विचारा, "पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला येशील का?" तो आधी शिफ्ट बघेल. पहिली असेल तर येईल, दुसरी असेल तर नाही, रात्रपाळी असेल तर येईल पण डोळे चोळत. संत्र्याचा बगीचा असलेल्याचंही तेच. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आगेमागे निघतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चात, आणि त्या दिवसांत व्यापाऱ्याची गाडी कधी दारात उभी राहील ते व्यापाऱ्यालाच माहीत. कॉलेजच्या पोट्ट्यांना परीक्षा, आणि घरातल्या बाईला रविवार हा सुटीचा वार असतो असं म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे.

अशा लोकांसाठी गोष्टीचे खेळ नसतातच, असा समज आहे. खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा. इंग्रजीत त्याला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका बघितली असेल तर तळघरात बसून चार पोरं जो खेळ खेळतात, तोच हा: डन्जन्स अँड ड्रॅगन्स. मालिका 2016 ची, खेळ 1974 चा. मोबाइलवरून हे नाव आपल्याकडच्या मुलांपर्यंत केव्हाच पोचलंय. पोचलं नाही ते एवढंच, की या खेळात 'कधीतरी येणारा' माणूस कसा बसवायचा याचा विचार परदेशातल्या दुकानांनी फार आधी करून ठेवलाय. बोरगावसारख्या शिफ्टवाल्या गावाला नेमका तोच भाग कामाचा आहे.

आधी खेळ काय ते बघू

आपण हा खेळ लहानपणी खेळलोय, फक्त नियम नव्हते. भातुकलीत एक जण आई होते, एक पाहुणी, आणि पानांची पोळी खरी मानून खाल्ली जाते. राजा-मंत्री-चोर-शिपाईत चिठ्ठी उघडली की आपण कोण ते ठरतं. गावात येणारा बहुरूपी पोलिसाचा डगला घालून दारात उभा राहतो आणि दोन मिनिटं घरातली म्हातारीही त्याला "साहेब" म्हणते. सोंग घेणं आपल्याला नवं नाही. या खेळात सोंगाला डगला लागत नाही आणि आवाज बदलावा लागत नाही. "माझा पहारेकरी दाराला कान लावतो," एवढं बोललं तरी झालं.

टेबलावर एक जण सूत्रधार असतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये त्याला डन्जन मास्टर म्हणतात, पण सूत्रधार हा आपला शब्द त्याहून नेमका आहे. तो प्रसंग सांगतो. बाकीचे तीन-चार-पाच जण आपापलं पात्र काय करतं ते सांगतात. जे सहज जमण्यासारखं आहे ते जमतं, जे अशक्य आहे ते जमत नाही. मधलं जे असतं, जमेल की नाही सांगता येत नाही असं, तिथे फासा पडतो. एवढाच खेळ. यात एक जिंकला आणि चार हरले असं होत नाही, सगळे मिळून गोष्टीतून बाहेर पडतात किंवा सगळे मिळून अडकतात.

हे सुचलं कुणाला? अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावचा गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन. दोघंही नकाशावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणारे. त्या लढाईच्या खेळांचं मूळ जर्मनीत, प्रशियाच्या सैन्याने 1824 च्या सुमारास अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी घेतलेल्या 'क्रीगश्पील'मध्ये. आर्नेसनच्या टेबलावर पलटणीऐवजी एका खेळाडूला एकच माणूस मिळाला, आणि तो माणूस पुढच्या खेपेलाही तोच राहिला. तिथून सगळं बदललं. 1974 मध्ये तीन पातळ पुस्तिकांची पेटी निघाली, पहिली छपाई 1,000 प्रतींची. पेट्या भरायचं काम गायगॅक्सच्या घरातच चालायचं. लेक जिनिव्हा हे काही न्यूयॉर्क नव्हे, हे इथे मुद्दाम सांगतोय. मोठ्या शहरात राहिल्याशिवाय असलं काही सुचत नाही, असं आपल्याकडे उगाच मानलं जातं.

दुकानातलं टेबल फुकट का असतं?

परदेशात या खेळांची वेगळी दुकानं असतात. पुढे माल, मागे टेबलं. संध्याकाळी शटर पडायच्या आधीचे दोन-तीन तास टेबलांवर अनोळखी लोक एकत्र बसून खेळतात. बहुतेक ठिकाणी बसायचे पैसे नसतात किंवा नाममात्र असतात. दुकानदार काही समाजसेवक नाही. बसलेला माणूस आज चहा-बिस्किट घेतो, महिन्याने फासे घेतो, वर्षाने पुस्तक घेतो. शिवाय 1993 साली आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाने अशा कितीतरी दुकानांचं भाडं सुटायला लागलं, आणि पत्तेवाल्यांच्या शेजारच्या टेबलावर गोष्टवाले बसले. मॅजिक काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनेच 1997 मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स विकत घेतलं, आणि 1999 मध्ये हॅसब्रोने ती कंपनी घेतली. हॅसब्रो म्हणजे मोनोपॉलीवाली.

आपल्याकडे पुणे, मुंबई, बंगळुरूत अशा दुकानांचं काम बोर्ड गेम कॅफे करतात. तिथे हिशेब उलटा असतो: खेळ कॅफेचे, पैसे तासाचे किंवा कॉफीचे. नाव वेगळं असलं तरी टेबल तेच.

आता या टेबलाची अडचण बघा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं मुख्य पुस्तक 2014 च्या आवृत्तीत 320 पानांचं आहे. मुरलेला खेळाडू एकच गोष्ट वर्षभर दर आठवड्याला खेळतो. त्याच्या टेबलावर नवा माणूस आला, तोही "मी फक्त आजच आहे" म्हणणारा, तर काय करायचं? मुरलेल्याला तो लुडबुड वाटतो. नव्याला आपण चुकून दुसऱ्याच्या लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटतं. दुकानदाराचं मात्र पोट नव्या माणसावर असतं. जुन्याने पुस्तकं घेऊन झालेली असतात ना बाप्पा.

यावर कंपनीने 2010 मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स एनकाउंटर्स' नावाचा कार्यक्रम दुकानांसाठी सुरू केला. वार ठरलेला, बुधवार. वेळ दीड-दोन तास. त्या संध्याकाळी गोष्टीतला एकच प्रसंग, तोही त्याच रात्री संपणारा. पात्र घरून बनवून आणायची गरज नाही, तयार कागद टेबलावरच मिळायचा. कामावरून सुटलेला माणूस सातला येऊन नऊला घरी जाऊ शकेल, आणि पुढच्या बुधवारी आला नाही तरी बाकीच्यांचा डाव मोडणार नाही, अशी ती घडण होती. 2014 पासून त्याची जागा 'ॲडव्हेंचरर्स लीग'ने घेतली. त्यात आणखी एक सोय झाली: खेळाडू आपल्या पात्राचा कागद आणि नोंदवही जवळ ठेवतो, आणि या गावच्या दुकानात खेळलेलं पात्र घेऊन त्या गावच्या दुकानात बसू शकतो. टेबल तीन ते सात खेळाडूंचं. कोण येईल ते येईल.

माझ्या मते या खेळाच्या पन्नास वर्षांत ड्रॅगनपेक्षा मोठी कल्पना ही आहे. अनियमित माणसाला त्यांनी दुय्यम खेळाडू मानलं नाही, गोष्टच त्याच्या मापाने कापली.

नव्या माणसाला नेमकं काय यावं लागतं?

काही नाही. हे धीर द्यायला म्हणत नाही, खरंच तसं आहे. कॅरममध्ये नवा माणूस आला की त्याचा हात सगळं सांगतो. बुद्धिबळात चार चालींत कळतं. इथे नियमांचं ओझं सूत्रधारावर असतं. खेळाडूला विचारलं जातं ते एकच: "तू काय करतोस?"

समजा असा डाव आहे. रात्रीची वेळ, संत्र्यांनी भरलेली गाडी बोरगावहून नागपूरकडे निघालीय. तीन पात्रं गाडीत: ड्रायव्हर, वाटेत लिफ्ट मागून बसलेला बहुरूपी, आणि खो-खोच्या स्पर्धेहून परतणारी मुलगी. मुलीचं पात्र घेऊन बसलेली खेळाडू आज पहिल्यांदाच आलीय.

सूत्रधार सांगतो, "पुलाच्या अलीकडे बाभळीचं झाड रस्त्यावर आडवं पडलंय. वारा तर नव्हता. झाडामागे कुणीतरी विडी ओढतंय, ठिणगी दिसली."

ड्रायव्हर म्हणतो, "मी गाडी बंद करत नाही. लाइट मोठी करतो."

बहुरूपी म्हणतो, "पोलिसाचा डगला पिशवीत हाये ना माझ्या? तो चढवतो."

नवी खेळाडू गप्प. सूत्रधार थांबतो, आणि नियम सांगत नाही. विचारतो, "तू खिडकीजवळ आहेस. तुला काय दिसावं असं वाटतं?"

"झाड तोडलंय की पडलंय ते बघता येईल?"

"बघ ना. लाइट आहे, फासा नको. बुंध्यावर कुऱ्हाडीचे घाव आहेत."

"मग मी मागच्या बाजूने उतरते. आणि झाडाच्या पलीकडे जाते. चूप."

"हे मात्र अवघड. टाक फासे."

इथे तिला कळलं की खेळ कसा चालतो. कुणी सव्वातीनशे पानं वाचून दाखवली नाहीत. नियम गरज पडली तेव्हा आला, आणि एकच आला.

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये अशा वेळी वीस बाजूंचा फासा पडतो. पात्राला त्या कामाचं जे कसब असेल तो आकडा मिळवायचा, आणि बेरीज ठरवलेल्या आकड्याला पोचली की जमलं. सोप्या कामाला 10, मध्यमला 15, अवघडला 20. तिचं कसब 3 असेल आणि आकडा 15, तर फाशावर 12 किंवा जास्त हवेत. म्हणजे वीसातल्या नऊ बाजू, शंभरातले पंचेचाळीस. नवा माणूस हे गणित न करताही खेळतो, पण आपल्याकडे हिशेब मागणारे असतात म्हणून सांगितलं.

2014 च्या स्टार्टर सेटमध्ये कंपनीने हाच विचार पेटीत भरला: 32 पानांचे नियम, 64 पानांची गोष्ट, सहा फासे, आणि पाच तयार पात्रांचे कागद. मूळ नियमांची छोटी आवृत्तीही फुकट ठेवली.

डाव बिघडतो तो नव्यामुळे नाही

टेबलावर सगळ्यात जास्त त्रास कुणाचा होतो, तर सगळं येणाऱ्याचा. "अरे तू असं कर, तुझ्याकडे तो मंत्र आहे ना, तो वापर." कॅरमच्या मागे उभा राहून सोंगटी दाखवणारा असतो तो हाच. नवा माणूस दोनदा ऐकतो, तिसऱ्यांदा स्वतः बोलणं बंद करतो, चौथ्यांदा येत नाही. चांगला सूत्रधार अशा वेळी जुन्याला नम्रपणे सांगतो: "भाऊ, तिला सांगू द्या." नव्याने चुकीचा निर्णय घेतला तरी घेऊ द्यावा. बाभळीमागे उडी मारून पाय मुरगळला, तर गोष्ट उलट रंगतेच.

दुसरं म्हणजे जागा. नव्याला टेबलाच्या टोकाला बसवू नये, सूत्रधाराच्या हाताशी बसवावं. हळू विचारता येतं.

तिसरी गोष्ट मुलींच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या दृष्टीने मोठी आहे. गोष्ट कुठेही जाऊ शकते, आणि चार अनोळखी माणसांत ती नको तिथेही जाऊ शकते. त्यासाठी जॉन स्टावरोपोलोस या अमेरिकन खेळाडूने एक साधी युक्ती काढली, ती आता जगभर वापरतात. टेबलाच्या मध्ये फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. चाललेलं कुणाला नको वाटलं, की त्याने कार्डावर बोट ठेवायचं. तो भाग तिथेच सोडून गोष्ट पुढे. का, कशासाठी, हे विचारायचं नाही. आपल्याकडे "नको" म्हणणाऱ्यालाच कारण द्यावं लागतं, त्यामुळे हे कार्ड पहिल्या दिवशी विचित्र वाटेल. ठेवावं तरी.

"फासे म्हणजे जुगार ना?"

हा प्रश्न घरून येणारच. फासा म्हटलं की आपल्याला शंकर-पार्वतीचा सारीपाट नंतर आठवतो, धर्मराजाचा द्यूत आधी. आणि गावात पत्त्यांच्या अड्ड्यावर धाड पडल्याची बातमी आपणच वाचतो. तेव्हा स्पष्ट सांगायला हवं: या खेळात पैसा लागतच नाही. पणाला लागतं ते कागदावरचं पात्र. जिंकणारा-हरणारा नसल्यामुळे पैज लावायची तरी कुणावर? टेबलावर कुणी पैसे काढलेच, तर तो वेगळा खेळ झाला, तिथून उठावं.

अमेरिकेतही आईबाप घाबरले होते, वेगळ्या कारणाने. 1980 च्या दशकात तिथे या खेळाने मुलं सैतानाच्या नादी लागतात अशी हवा उठली, 1983 मध्ये तर विरोधासाठी संघटनाच निघाली. ती हवा पुढे विरली, आणि तेव्हाची मुलं आज आपल्या मुलांना घेऊन खेळतात. आपल्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून गोटमार होते, तिथली डोकी खरी फुटतात. त्या मानाने वीस बाजूंचा प्लास्टिकचा फासा फारच गरीब प्राणी आहे.

बोरगावात दुकान शोधायला जाऊ नका

मिळणार नाही. नागपूर गाठायचं तर जाऊन-येऊन अख्खी सुटी जाते. पण दुकान जे देतं त्यातली तीनच गोष्टी खऱ्या लागतात: ठरलेली जागा, ठरलेली वेळ, आणि एक सूत्रधार. वीस बाजूंचा फासा त्यात नाही.

फासा हवाच असेल तर डब्यात 1 ते 20 च्या चिठ्ठ्या टाका, काढा, घडी घालून परत टाका. गणित तंतोतंत तेच. कवड्या मात्र वापरू नका. कवडी पालथी पडेल की उताणी हे तिच्या पाठीच्या फुगवट्यावर असतं, दान सारखं पडत नाही. चंगपे खेळायला मजा, इथे घोळ.

त्याहून सोपं म्हणजे लुडोचे दोन फासे. 2010 मध्ये व्हिन्सेंट बेकर आणि मेग्वे बेकर या जोडप्याने 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' नावाचा खेळ काढला, त्याच्या पद्धतीवर पुढे शेकडो खेळ निघाले. दोन फाशांची बेरीज 10 किंवा जास्त आली तर काम फत्ते. 7 ते 9 आली तर काम होतं, पण काहीतरी द्यावं लागतं. 6 किंवा कमी आली तर सूत्रधार अडचण वाढवतो. दोन फाशांच्या 36 जोड्यांपैकी 6 फत्ते, 15 मधल्या आणि 15 अडचणीच्या. पात्राला त्या कामाचं कसब असेल तर बेरजेत 1 मिळवा, मग फत्ते 10, मधल्या 16, अडचणीच्या 10. आपल्या खो-खोच्या मुलीला 5 आणि 3 पडले, कसबाचा 1, झाले 9. ती झाडापलीकडे पोचली, पण चप्पल चिखलात राहिली. आणि आता विडीवाल्याच्या हातात टॉर्च आहे.

ती मधली 7 ते 9 ची जागाच गोष्ट चालवते. निव्वळ जमलं-नाही जमलं यात गोष्ट थांबते. "जमलं, पण..." म्हटलं की सगळे टेबलावर पुढे झुकतात.

एका बैठकीत संपणारे, एकाच पानाचे खेळही आहेत. ग्रँट हॉविट या इंग्रज लेखकाचा 'हनी हाइस्ट' त्यात नावाजलेला. सगळे खेळाडू अस्वलं, आणि त्यांना मध चोरायचाय. प्रत्येकाच्या कागदावर दोनच आकडे: अस्वलपणा 3, चोरपणा 3. अस्वलासारखं काम असेल तर अस्वलपणावर फासा टाकायचा, चोरासारखं असेल तर चोरपणावर. फासा त्या आकड्याइतका किंवा कमी आला की जमलं. बेत फसला की चिडून चोरपणातला एक अस्वलपणात जातो, बेत जमला की हावेने उलटं. कुठलाही आकडा 6 झाला की ते पात्र हातचं गेलं: एक तर पूर्ण अस्वल होऊन धिंगाणा घालतं, नाही तर साथीदारांना दगा देतं. एक लुडोचा फासा, एक पान. पेंचचं जंगल आपल्या शेजारी, मोहफुलाच्या वासाने गावाजवळ येणारी अस्वलं इथल्या माणसाला सांगावी लागत नाहीत. मधाऐवजी मोहाची टोपली ठेवा, डाव इथलाच होतो.

टेबलावर कुठली भाषा?

शहरातल्या कॅफेंत पुस्तक इंग्रजी, म्हणून बोलणंही बरंच इंग्रजीकडे झुकतं. इकडचा मुलगा पुण्यात नोकरीला गेला, कॅफेत डोकावला, आणि "आपलं इंग्रजी तेवढं नाही" म्हणून दारातूनच वळला, तर त्याला नियम अडवत नाहीत, भाषा अडवते. आपली तर आणखी गंमत. घरात मराठी, कुणाच्या घरात पवारी, शाळा हिंदी, कारखान्यात साऱ्या मुलखाची माणसं. महाराष्ट्रातल्या माणसाला आपली मराठी हिंदाळलेली वाटते, आणि भोपाळवाल्याला आपली हिंदी मराठाळलेली.

या खेळाचं सगळं सामान म्हणजे बोलणं. पटावर सोंगटी सरकवायला भाषा लागत नाही, इथे भाषेशिवाय काही सरकत नाही. म्हणूनच आपल्या टेबलावर आपलंच बोलणं हवं. ड्रायव्हर हिंदीत बोलेल, बहुरूपी वऱ्हाडीत, गाडीचा मालक फोनवर पवारीत ओरडेल. रस्त्यावर तसंच असतं. ज्याला चारचौघांत बोलायला संकोच वाटतो त्याला पात्राच्या आडून बोलणं सोपं जातं, हे दंडारीत काम केलेल्या कुणालाही विचारा.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं अधिकृत पुस्तक मराठीत नाही. पण 2023 च्या जानेवारीत कंपनीने खेळाच्या मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. मूळ स्रोताचं श्रेय देऊन तो कुणीही भाषांतरित करू शकतो, छापू शकतो, विकूसुद्धा शकतो. कंपनीने अंग चोरून मग परवाना दिला, खेळाडूंनी आधी केवढा गदारोळ केला होता, तो इतिहास वेगळा. आपल्या कामाचं एवढंच की मराठीत नियम आणायला आता कुणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. आणि गोष्टी तर आपल्याच. 2022 मध्ये याच खेळाच्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या अधिकृत पुस्तकात भारतीय लेखिका मिमी मंडल यांची बंगालच्या वळणाची गोष्ट आली. सातपुड्याची अजून कुणी लिहिलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

सुरू करायचं असेल तर

वाचनालय, शाळेची खोली, समाजमंदिर, नाही तर दुपारी गिऱ्हाईक नसलेलं स्टेशनरीचं दुकान. दुकानदाराला सांगा की येणारी मुलं वही-पेन त्याच्याकडूनच घेतील; परदेशातल्या दुकानाचा हिशेब तोच आहे. चार-पाच जणांचं टेबल ठेवा. सात झाले तर दोन टेबलं करा, नाही तर आपली पाळी येईपर्यंत नवा माणूस मोबाइल काढतो. दोन तास म्हणजे दोनच तास. पावणेदोन झाले की सूत्रधाराने गोष्ट बांधायला घ्यावी, गाडी पुलापलीकडे न्यावी, काय ते करावं, पण अर्धवट सोडू नये. कारण टेबलावरच्यांपैकी एकाची उद्यापासून रात्रपाळी आहे.

आणि एक दोनशेपानी वही जागेवरच ठेवा. प्रत्येक पात्राला एक पान. त्यावर नाव, कसब, जवळचं सामान, आणि त्या दिवशी काय झालं ते तीन-चार ओळींत, तारखेसकट. खेळाडूने त्याची नक्कल किंवा फोटो आपल्याजवळ ठेवावा, म्हणजे उद्या सावनेरला, मुलताईला किंवा नागपुरात कुणी टेबल मांडलं तर तेच पात्र तिथे चालतं. दोन महिन्यांनी माणूस परत आला, की कुणी "कुठे होतास इतके दिवस" विचारण्याआधी त्याच्यापुढे ते पान उघडून ठेवायचं: खो-खोची मुलगी, कसब पळण्याचं, जवळ एक चप्पल आणि विडीवाल्याचा टॉर्च.